तेरा तारखेची खरेदी

बस, रोझिलेने. ते घागरे बाजूला सरकव,
जूनच्या नाचाचे आहेत, आत्तापासून शिवायला घेतलेत.
नवं कार्ड आलं म्हणून इतकं लाजायचं नसतं,
आणि इतकं फुगायचंही नसतं.
आधी दोन तारखा पाठ कर.
एक, ज्या दिवशी बँक कात्री चालवते.
दुसरी, ज्या दिवशी हात पुढे करते.
माझी कात्री बाराला. हात बावीसला.

अकराला घेतलेली रिबीन याच तुकड्यात येते,
अकरा दिवसांत पैसे मोज.
तेराला घेतलीस, तर ती पुढच्या महिन्याच्या कापडात.
तीच रिबीन, तोच दुकानदार, तोच भाव,
आणि मधे चाळीसेक दिवस, श्वास घ्यायला.
व्याज नाही.
म्हणजे, बावीसला सगळं भरलंस तर नाही.
खाली 'किमान रक्कम' म्हणून एक आकडा असतो,
लहानसा, गरीब चेहऱ्याचा.
त्याच्या नादी लागू नकोस.
आजचं मरण उद्यावर गेलं असं वाटतं.
जातं खरं,
पण उद्या भेटतं तेव्हा त्याला पोरं झालेली असतात.

अख्ख्या गल्लीला माझी कात्री ठाऊक आहे.
तेराच्या सकाळी दारात बघ:
जेनिवालला मोटरसायकलचा टायर,
दोना ऑझमारिनाला चष्मा, जवळचा आणि लांबचा.
इथे कुणी कार्ड मागत नाही.
म्हणतात, इवोनेते, तुझं नाव दे जरा.
या गल्लीतले अर्धे फ्रिज
माझ्या नावावर थंड आहेत.
वहीत लिहून ठेवते. देतात बिचारे.
एकानेच बुडवलं,
चार महिने त्याच्या मिक्सरचे पैसे मी भरले
आणि घोटभर रस प्यायले नाही.

हं. मला वाटलंच, तुझं बोट तिथे थांबणार.
बस कंपनीचं नाव आहे ते.
पुढे लिहिलंय, दहापैकी दहा.

गेल्या जूनची अकरा होती.
कोपऱ्यावर मक्याची पोती उतरत होती,
शेकोट्यांची लाकडं रचायला घेतली होती पोरांनी.
आदेइल्तनला मी म्हटलं, दोन दिवस थांब.
तेराला तिकीट काढू,
पहिला हप्ता जुलैत जाईल.
हिशेब बरोबर होता माझा,
कुठल्याही बँकेत दाखव.
तो बुटाची नाडी बांधत होता.
म्हणाला, आई, बँकेचं नाव कशाला घेतेस?

कार्ड मीच दिलं.
आकडेही मीच दाबले.

साओ पाउलो म्हणजे दोन रात्री बसमध्ये.
फोन करतो. करतो अधूनमधून.
त्याच्या आवाजामागे परक्या स्वयंपाकघरातली भांडी वाजतात
आणि कुणीतरी हाक मारतं, मग तो ठेवतो.
ही ओळ मात्र बाराला यायचीच.
दहापैकी तीन.
दहापैकी सहा. नाताळात सात.
त्याचं नावसुद्धा नसायचं तिच्यात,
नुसती कंपनी, आणि किती झाले, किती राहिले.
मी चष्मा लावून वाचायचे, दोनदा.

काल शेवटची आली.
पुढच्या बाराला नसेल.
बँकेच्या हिशेबात
तो आत्ता कुठे पोचला.

असो. छत्री घे, ऊन चढायच्या आत जाऊ.
तुझा पंखा आजच घ्यायचा, आज तेरा आहे.
दुकानदार दहा हप्ते म्हणेल, गोड बोलेल.
तू तीन म्हण आणि गप्प राहा.
मला? मला मशीनची सुई,
ती मी रोखीनेच घेते.

आणि बसस्थानकावरून जाऊ आपण,
वाट जरा लांब पडेल.
खिडकीत तू विचार, मला जमत नाही,
तिकडून इकडे यायचं तिकीट
किती हप्त्यांत मिळतं.
घ्यायचं नाहीये.
नुसतं विचार.